एकाहत्तर तळ्यांचा राखणदार

हेल्गे वीकलुंडच्या फोनची घंटी ग्रानत्रेस्कच्या रानातल्या जनावरांनाही ओळखू येते, असं त्याची मेहुणी मायवोर म्हणायची. त्यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. एका सप्टेंबरात, एल्कच्या शिकारीच्या पहिल्याच सोमवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हेल्गे नऊ नंबरच्या मचाणावर बसला होता. समोरच्या दलदलीत घोड्याएवढा उंच, नांगरासारखी शिंगं मिरवणारा एक नर संथपणे बाहेर आला. हेल्गेनं बंदूक खांद्याला लावली, श्वास रोखला, आणि छातीवरच्या खिशात फोन वाजला. नगरपालिकेच्या वाचनालयाचा सर्व्हर पडला होता.

एल्क मात्र पडला नाही. त्यानं मान वळवून मचाणाकडे पाहिलं आणि तो शेजारच्या गावाच्या हद्दीत निघून गेला. तिथल्या लोकांनी दुपारी त्याला लोळवलं आणि सौजन्य म्हणून फोटो पाठवला.

मायवोर हेल्गेच्या बायकोची थोरली बहीण, आणि अठरा जणांच्या शिकारी टोळीची नायक. तिनं संध्याकाळी झोपडीत, कातडं सोलता सोलता, निकाल दिला.

"हेल्गे, मचाणावर तुझा फोन वाजण्याची ही सातवी खेप. आठव्यांदा वाजला तर नऊ नंबर आपल्या टोळीतल्या सिक्स्टेनच्या जावयाला."

"स्टॉकहोमच्या?" हेल्गेचा आवाज चिरकला. "तो बूट पुसून रानात येतो!"

"येऊ दे. त्याचा फोन बंद असतो."

हेल्गे त्रेसष्ट वर्षांचा होता. त्यातली सव्वीस वर्षं तो त्या मचाणावर बसत आला होता. त्याआधी त्याचा बाप बसायचा. निवृत्तीनंतर माणसाला काय हवं असतं, याचा त्यानं सविस्तर विचार केला होता, आणि उत्तर दरवेळी तेच येत होतं: नऊ नंबर. बाकी सगळं बायकोनं ठरवलं तरी चालणार होतं.

पण फोन न वाजणं त्याच्या हातात नव्हतं. किंवा असं म्हणू या, की ते फक्त त्याच्याच हातात होतं, आणि हीच खरी अडचण होती.

ग्रानत्रेस्क नगरपालिकेकडे लोखंडाची खरीखुरी यंत्रं चारच होती. पण त्या चौघांच्या पोटात मिळून एकाहत्तर व्हर्च्युअल मशीनं नांदत होती. एकत्र कुटुंबासारखी, चूल एक आणि भांडणं वेगवेगळी. शाळेचं एक, वाचनालयाचं एक, पाणीपुरवठ्याची दोन, बर्फ उपसणाऱ्या ट्रॅक्टरांचं एक. प्रत्येकाला हेल्गेनं तालुक्यातल्या एकेका तळ्याचं नाव दिलं होतं. तळी संपायची भीती नव्हती. तालुक्यात माणसांहून तळी थोडीच कमी होती.

ही एकाहत्तर तळी भरायची, आटवायची, गाळ काढायचा, फुटलेला बांध घालायचा, हे सगळं काम एक स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला ओळीनं दिलेल्या आज्ञांची यादी, करत असे. ती हेल्गेनं सोळा वर्षांपूर्वी एका पावसाळी आठवड्यात दोनशे ओळींची लिहिली होती. आता ती तीन हजार चारशे बारा ओळींची झाली होती. हाताखालचा ऑस्तेन तिला 'पल्सा' म्हणायचा, कारण त्या नावाचा तिथला पदार्थही जव, काळीज आणि फुप्फुसाचे तुकडे एकत्र शिजवून होतो, आणि आत नेमकं काय गेलंय हे विचारायचं नसतं.

पल्सा चालवणं फक्त हेल्गेलाच जमे. मध्यावर ती थांबून विचारायची, "नक्की पुढे जायचं?" तिथं "नाही" लिहायचं असे. "हो" लिहिलं तर ती सगळं सोडून बंद पडायची.

"पण असं का?" नवी आलेली इल्वा पहिल्या आठवड्यात म्हणाली होती.

"घाईत उलटं लिहिलं गेलं."

"मग नंतर दुरुस्त नाही केलंस?"

"नंतर सवय झाली," हेल्गे म्हणाला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता.

त्या वसंतात नगरपालिकेच्या सभेनं ठराव केला, की सर्व्हरांचं काम यापुढं एखाद्या सर्वमान्य मुक्त उपकरणानं व्हावं. म्हणजे ज्याचं पोट कुणालाही उघडून बघता येईल, आणि जे जगात आणखी कुणीतरी वापरत असेल. ठरावात हेल्गेचं नाव नव्हतं. पण 'एका व्यक्तीवरील अवलंबित्व' असे शब्द होते, आणि नगरपालिकेत तसं अवलंबित्व दुसऱ्या कुणावर नव्हतं. हेल्गेनं तो ठराव दोनदा वाचला. पहिल्यांदा अपमान वाटला. दुसऱ्यांदा नऊ नंबर दिसला. कुणीतरी दुसरं ही तळी राखू शकलं, तर फोन त्याचा वाजेल.

विभागप्रमुख आनेलीनं तुलना समिती नेमली. सदस्य चार: आनेली, हेल्गे, ऑस्तेन, इल्वा. विभागात माणसंही तेवढीच होती. बैठक रोज साडेनऊच्या कॉफीला.

आनेलीची कामाची एक रीत होती. ती स्वतः काही ठरवत नसे. ती विचारायची, "सगळ्यांना बरं वाटतंय ना?" आणि त्या मुलखात लोक "हो" असा शब्द फुकट घालवत नाहीत. ओठांचा चंबू करायचा आणि थोडी हवा आत ओढायची, झालं. चार जणांनी हवा ओढली, की निर्णय झाला. कुणी नाही ओढली, तर विषय उद्यावर. आजवर तिथं कुणी तोंडावर "नाही" म्हटल्याचं विभागाच्या स्मरणात नव्हतं.

ऑस्तेन पन्नाशीचा, बोलका, अंगानं भरलेला. त्याचं दैवत ॲन्सिबल. "हे बघा," तो वेलदोड्याचा बन तोंडात ठेवून म्हणायचा, "आपण कामांची यादी लिहायची. हे बेटं प्रत्येक मशीनच्या दारात जातं, यादीबरहुकूम कामं करतं आणि निघून येतं. घरात स्वतःचा माणूस बसवत नाही. पाहुणा असावा तर असा."

इल्वा चाळिशीची, काटकुळी, दर दोन वाक्यांनंतर क्षमा मागणारी, पण तिसऱ्या वाक्यात गळा धरणारी. तिचा जीव ओपनटोफूवर. "माफ कर ऑस्तेन, पण याद्या कसल्या करायच्या? आपण फक्त सांगायचं, शेवटी काय उभं दिसायला हवं. ते आपल्या वहीत बघतं, आज काय उभं आहे. दोन्हीतला फरक काढतं आणि विचारतं, एवढं जोडू, एवढं बदलू, एवढं मोडू का? माफ कर, पण याला म्हणतात काम."

"एल्क खाणाऱ्या गावात टोफू!" ऑस्तेन कपाळावर हात मारायचा.

"माफ कर, पण तुझा पाहुणा मशीन नसेल तर कुणाच्या दारात जाणार?"

"आणि तुझं टोफू मशीन उभं करून पळून जाणार. आत चूल कोण मांडणार?"

तिसरं उपकरण पपेट. त्याच्या बाजूनं कुणीच नव्हतं. ते प्रत्येक मशीनमध्ये आपला एक माणूस बसवतं आणि तो दर अर्ध्या तासानं उठून सगळं जागच्या जागी आहे ना बघतो. हेल्गेला हा प्रकार आपल्या सासूसारखा वाटला, पण तो बोलला नाही. पपेट यादीत होतं, कारण दोनच रकान्यांचा तक्ता दरिद्री दिसतो असं आनेलीचं मत होतं.

चौथा रकाना हेल्गेनं स्वतः मागून घेतला. "पल्साही मुक्तच आहे," तो म्हणाला. "कुणीही उघडून बघावी."

"आम्ही उघडून बघितली आहे," ऑस्तेन म्हणाला. "तेव्हापासून मी नीट झोपलो नाही."

तक्त्यात निकष बेचाळीस होते आणि गुण एक ते पाच. इथं ग्रानत्रेस्कचा स्वभाव आडवा आला. कुणाला पाच द्यावे तर बाकीच्यांना वाईट वाटेल. कुणाला एक द्यावा तर त्याला वाईट वाटेल. तेव्हा सगळ्यांनी सगळ्यांना तीन दिले. तीन आठवड्यांनंतर चौघांची सरासरी काढून बेरीज झाली: ॲन्सिबल एकशे सव्वीस, ओपनटोफू एकशे सव्वीस, पपेट एकशे सव्वीस, पल्सा एकशे सव्वीस. मग ऑस्तेननं धीर करून आपल्या ॲन्सिबलला माहितीपुस्तकाबद्दल चार दिले. दुसऱ्या दिवशी तो रात्रभर तळमळल्यासारखा दिसला आणि ओपनटोफूलाही चार देऊन मोकळा झाला.

"हं, आता चित्र स्पष्ट होतंय," आनेली म्हणाली.

हे भिजत घोंगडं अकरा आठवडे राहिलं. ऑस्तेन आणि इल्वा वेगवेगळ्या टेबलांवर कॉफी प्यायला लागले. पण हेल्गेला चौथ्याच आठवड्यात एक गोष्ट कळली होती. तक्त्यातला सतरावा निकष होता: 'मशीन शून्यातून उभं करणं.' एकोणतिसावा होता: 'मशीनच्या आतली मांडामांड.' सतराव्यात इल्वाचं उपकरण पटाईत होतं, एकोणतिसाव्यात ऑस्तेनचं. एक गवंडी होता, एक सुतार. आणि दोन शहाणी माणसं रोज साडेनऊला भांडत होती, की घराला गवंडी बरा की सुतार. दोघांना एकत्र कामाला लावलं तर प्रश्न त्याच दिवशी मिटत होता. पण तक्त्याला एकच विजेता हवा होता, आणि तक्ता चुकलाय असं म्हणणं म्हणजे आनेलीला "नाही" म्हणणं.

हेल्गे हवा ओढत राहिला. ती दोघं भांडत होती तोवर पल्सा चालू होती.

जूनमध्ये, मध्यग्रीष्माच्या सणाच्या आदल्या दिवशी, तो मायवोरकडे नवे बटाटे पोचवायला गेला. ती अंगणात कुत्र्याचे पंजे तपासत होती. तिच्याकडे नगरपालिकेची घरपोच सेवा होती: पंच्याऐंशी म्हातारी माणसं, तेवीस कामवाल्या बाया, आणि कुणी कुणाकडे कधी जायचं, कुणाला कुठलं औषध द्यायचं, याचं वेळापत्रक. ते वेळापत्रक हेल्गेच्या लोंगत्रेस्क नावाच्या मशीनवर होतं. त्यामुळे हेल्गेचा फोन वाजवणाऱ्यांत पहिला नंबर बऱ्याचदा तिचाच असायचा. मचाणावर मात्र तिनं कधी वाजवला नव्हता.

"वीस ऑगस्टला मचाणांचं वाटप," ती वर न बघता म्हणाली. "तुझं उपकरण आलं का?"

"तुलना चालू आहे."

"माझी बहीण म्हणते, तुला कधीचं कळलंय काय करायचं ते. झोपेत गवंडी आणि सुतार बडबडतोस."

हेल्गे अर्धं पाऊल मागं सरकला. कुत्र्यानंही पंजा ओढून घेतला.

"खरं सांगू का?" मायवोर उठली. "तुला तो फोन वाजायलाच हवा असतो. घंटी झाली की तुझं तोंड कसं होतं बघितलंयस? मंत्र्याला बोलावणं आल्यासारखं. सहा वेळा मी एल्क गमावला म्हणून चिडले. सातव्यांदा, झोपडीत तू ते सांगत होतास तेव्हा, तुझं तोंड बघितलं."

"तसं काही नाही."

"मग सुताराला आणि गवंड्याला भेटव. आणि ते बटाटे सावलीत ठेव."

घरी जाताना हेल्गेनं गाडी दोनदा थांबवली. पहिल्यांदा तो मनातल्या मनात तिला सडेतोड उत्तर देण्यासाठी थांबला. दुसऱ्यांदा, उत्तर सापडत नाही म्हणून.

सणानंतरच्या पहिल्या बैठकीत त्यानं तक्ता पुढं ओढला. अडतिसावा निकष होता: 'दुसरा माणूस हे चालवू शकेल काय?' त्यात पल्साला चौघांनी तीन-तीन दिले होते. हेल्गेनं पेन घेतलं, आपला तीन खोडला आणि एक लिहिला.

आनेलीनं बशी खाली ठेवली.

"शून्य द्यायचं होतं," हेल्गे म्हणाला, "पण तक्त्यात शून्य नाही. आणि नाही, आनेली, मला बरं वाटत नाहीये. हा तक्ता चुकलाय. इल्वाचा गवंडी आहे, ऑस्तेनचा सुतार आहे. इल्वानं मशीनं उभी करावीत, ऑस्तेननं आत चूल मांडावी. पपेटला सन्मानानं निरोप द्या. पल्सालाही द्या."

ऑस्तेननं तोंडातला बन गिळला. मग इल्वा म्हणाली, "माफ करा, पण हे मला एप्रिलमध्येच वाटलं होतं."

"मलाही," ऑस्तेन म्हणाला.

"मलाही," आनेली म्हणाली. "पण कुणी काही बोललं नाही, तेव्हा मला वाटलं तुम्हाला तुलना आवडतेय."

चौघांनी हवा ओढली. जुलैत नगरपालिका नेहमीप्रमाणं अस्तित्वात नव्हती. सगळे सुट्टी घेऊन तळ्याकाठी होते. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी काम सुरू झालं. इल्वानं एकाहत्तर मशीनं ओपनटोफूच्या वहीत उतरवून घेतली, ऑस्तेननं प्रत्येकाच्या याद्या केल्या. हेल्गे दोघांच्या मध्ये बसून, कुठलं तळं कुठं आणि त्याच्या पोटात काय, ते सांगत गेला. तो चांगलं सांगत होता. सोळा वर्षांत त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

बारा ऑगस्टला, साडेनऊच्या कॉफीला, इल्वानं मोठ्या पडद्यावर आराखडा लावला. आज पहिल्यांदा सगळा संसार नव्या उपकरणाच्या ताब्यात जायचा होता. काय काय करणार ते उपकरणानं आधी लिहून दाखवलं होतं. सहाशे ओळी, आणि तळाशी एक बेरीज. जोडायची: चौदा. बदलायची: तीन. मोडायची: चौदा.

"सगळ्यांना बरं वाटतंय ना?" आनेली म्हणाली.

मोडायची चौदा. हेल्गेनं तो आकडा वाचला. त्याला वाटलं, इल्वानं पाहिलंच असेल. इल्वानंही तो वाचला. तिला वाटलं, हेल्गे शेजारीच बसलाय, काही असतं तर बोलला असता. ऑस्तेननं तो वाचला नाही, कारण त्या दिवशी बनऐवजी केक होता. आनेलीला वाटलं, तिघंही इतके शांत आहेत म्हणजे ठीकच असणार. जूनमध्ये हेल्गेनं एकदा "नाही" म्हटलं होतं, आणि दोन महिन्यांत दुसऱ्यांदा म्हणणं म्हणजे माणूस भांडखोर ठरतो. चौघांनी एकदमच हवा ओढली.

उपकरणानं तरीही शेवटची संधी दिली. मोडतोड आहे, नीट 'हो' लिहा, म्हणालं. इल्वानं नीट लिहिलं.

दहा वाजता चौदा तळी आटली.

कारण पाच मिनिटांत कळलं. तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी जागा कमी पडली म्हणून हेल्गेनं ती चौदा मशीनं एका डिस्कवरून दुसरीवर हातानं हलवली होती. पल्साला त्यानं ते सांगितलं नव्हतं, माणसांना तर नाहीच. त्याच्या डोक्यात ती अजून जुन्या जागीच होती, तेव्हा इल्वालाही त्यानं जुनी जागा सांगितली. नव्या उपकरणानं बघितलं, सांगितलेली जागा एक आणि असलेली दुसरी. मग शिस्तीत मोडून, सांगितलेल्या जागी नवीकोरी उभी केली. उभी होती, पण रिकामी. त्या चौदांत लोंगत्रेस्क होतं.

दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. अर्थातच हेल्गेचा.

"हेल्गे," मायवोर म्हणाली, "माझ्या तेवीस बाया गाड्यांत बसून आहेत. पुढं कुणाकडं जायचं, कुणाला काय द्यायचं, पडद्यावर काही नाही."

"औषधं—"

"सकाळच्या औषधांची यादी मी रोज कागदावर छापून देते. तुझ्या मशीनवर माझा काडीचा विश्वास नाही, म्हणून सगळ्यांचं इन्सुलिन वेळेवर झालंय. पण दुपारचा कागद नाही माझ्याकडं. बारापर्यंत होईल?"

हेल्गेचा डावा हात तोपर्यंत कीबोर्डवर गेला होता. पल्सा अजून पुसली नव्हती. बॅकअप होतंच. मध्ये एकदा "नाही" लिहिलं, की वीस मिनिटांत चौदाच्या चौदा जुन्या जागी, जशीच्या तशी. त्याच्या छातीत एक ओळखीची ऊब पसरली. पाठ ताठ झाली. काळ्या पडद्यात त्याला आपलं तोंड दिसलं.

मंत्र्याला बोलावणं आल्यासारखं.

"हेल्गे?" फोनमधून मायवोर म्हणाली. "तू करणार आहेस, की ते दोघं?"

इल्वा पांढरीफटक पडली होती, पण तिची बोटं आधीच चालू होती. ऑस्तेन केक टाकून तिच्या शेजारी खुर्ची ओढत होता. तुलनेच्या त्या अकरा आठवड्यांत ती दोघं इतक्या जवळ कधी बसली नव्हती.

"टोफूतली जागा आता बदलू नकोस," ऑस्तेन म्हणत होता, "ही चौदा इथंच राहू देत. मी आतलं मांडतो. बॅकअपमधून माल तू ओत."

"माफ कर, पण क्रम उलटा हवा. आधी माल, मग तुझी चूल."

"बरं, उलटा."

हेल्गेनं हात उचलला. फोन ऑस्तेनच्या पुढं ठेवला. "मायवोर आहे. बारापर्यंत हवंय. यापुढं हा तुझ्याकडंच वाजेल. एक आठवडा तुझ्याकडं, एक इल्वाकडं, असं काय ते ठरवा."

"आणि तू?"

"मी कप धुतो."

त्यानं विभागातले सगळे कप धुतले. मग जे धुतलेले होते तेही धुतले. मग कॉफीचं यंत्र उघडून, गेल्या कित्येक वर्षांचा थर चमच्यानं खरवडला. आतून कीबोर्डचे आवाज येत होते, मध्येच इल्वाची क्षमायाचना, मध्येच ऑस्तेनची शिवी. हेल्गेच्या अंगाला खाज सुटल्यासारखं झालं. दोनदा तो दारापर्यंत जाऊन परत आला. एकदाच इल्वा धावत बाहेर आली.

"माफ कर. बॅकअपचा पासवर्ड?"

"माझ्या डोक्यात आहे," हेल्गे म्हणाला, आणि हे वाक्य त्याच्या स्वतःच्याच कानाला फार वाईट लागलं. त्यानं हात पुसले, कागद घेतला, पासवर्ड लिहिला, खाली आणखी नऊ गोष्टी लिहिल्या ज्या फक्त त्याच्या डोक्यात होत्या, आणि कागद तिला दिला. "पाकिटात घालून तिजोरीत ठेव. दोन प्रती कर."

बाराला दहा मिनिटं असताना लोंगत्रेस्क परत भरलं. उरलेली तेरा दीडपर्यंत. पल्सानं हेच काम वीस मिनिटांत केलं असतं. पण हे दोघांनी केलं होतं, आणि उद्या आणखी कुणालाही करता आलं असतं, कारण केलेलं सगळं लिहिलेलं होतं. दुपारी अडीचच्या कॉफीला आनेली म्हणाली, "यापुढं आराखड्यात 'मोडायची' शून्य नसेल, तर प्रत्येकानं मोठ्यानं वाचायचं. बरं वाटतंय ना?"

कुणी हवा ओढली नाही. "हो," तिघं शब्दात म्हणाले. थोडं अवघडल्यासारखं वाटलं, पण म्हणाले.

वीस ऑगस्टला शिकारीच्या झोपडीत मायवोरनं मचाणं वाटली. एक ते आठ झाल्यावर ती थांबली. सिक्स्टेनचा जावई आशेनं पुढं सरकला. त्याचे बूट चकचकीत होते.

"नऊ, हेल्गे," ती म्हणाली. "बारा तारखेला मी ऑस्तेनशी बोलले. बावळट आहे, पण फोन उचलतो."

सप्टेंबरचा पहिला सोमवार उजाडला तेव्हा दलदलीवर धुकं होतं. हेल्गे पाच वाजताच मचाणावर चढला. खिशात चाकू, काडतुसं, चीज लावलेली भाकर. फोन चौदा किलोमीटरांवर ऑस्तेनच्या उशाशी. साडेसहापर्यंत त्याला वाचनालयाच्या सर्व्हरची चिंता वाटली. सातपर्यंत पाणीपुरवठ्याची. मग दूर रानात कुत्रा भुंकू लागला. एकाच जागी नाही, पुढं सरकत, त्याच्याच दिशेनं.

नर बाहेर आला. साठ मीटर, बाजू पूर्ण उघडी, वारा अनुकूल. इतका सोपा नेम हेल्गेच्या बापालाही कधी मिळाला नसेल. कुठंही काही वाजलं नाही. हेल्गेनं श्वास रोखला आणि गोळी झाडली.

एल्क दचकला, दोन ढांगांत दलदल ओलांडून रानात शिरला.

वायरलेसवर खरखर झाली. "नऊ, पडला का?"

"नाही."

मायवोर स्वतः कुत्रा घेऊन आली आणि शंभर मीटर माग काढून परतली. रक्ताचा थेंब नव्हता. गोळी एका बर्चच्या झाडाच्या खोडात, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर सापडली. मायवोर मचाणाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि वर बघू लागली. सव्वीस वर्षांत हेल्गेनं पाच एल्क पाडले होते. बाकीच्या वेळी काही ना काही कारण असे. सात वेळा फोन, त्याआधी वारा, सूर्य, जुनी दुर्बीण.

"काय झालं?" तिनं विचारलं.

हेल्गेनं वाऱ्याकडं पाहिलं. वारा नव्हता. सूर्य पाठीमागं होता. दुर्बीण वाढदिवसाला नवी मिळाली होती.

"चुकला," तो म्हणाला.

"ते दिसतंय. कशानं?"

"नेम वाईट आहे माझा. नेहमीच होता."

मायवोरनं थोडा वेळ कुत्र्याचा कान चोळला. हसू दाबायला तिला कष्ट पडत होते, आणि तिनं ते फारसे घेतलेही नाहीत.

"आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे," ती म्हणाली. "कुत्रा मी परत उत्तरेकडून सोडतेय. नवी गोळी भर, आणि दुपारपर्यंत खाली उतरू नकोस."